मानसोपचाराची स्वतःची फाइल रुग्णालय देत नसेल तर काय करावे?

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहते आणि एका पतसंस्थेत काम करते. तीन वर्षे पुरी होत आली, मला बेळगावातल्या एका खासगी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखल केले होते. त्याआधी काही महिने मी एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उपचार घेत होते. निदान बायपोलर विकाराचे होते. आज माझी प्रकृती स्थिर आहे, औषधे नियमित चालू आहेत, आणि थोरली बहीण कोल्हापूरला असल्यामुळे पुढचे उपचार तिथल्या डॉक्टरांकडे घ्यायचे मी ठरवले आहे.

नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत जे विचारले त्याची उत्तरे माझ्यापाशी नव्हती. लिथियम किती मात्रेने सुरू केले होते, रक्तातली त्याची पातळी किती आली होती, ते मध्येच का थांबवले, आणि दाखल असताना कोणत्या इंजेक्शनानंतर माझी मान व जबडा आखडला होता, हे त्यांना हवे होते. त्या दिवसांतले मला फार थोडे आठवते. माझ्याजवळ फक्त डिस्चार्ज कार्ड आहे. त्यावर निदान, ‘प्रकृतीत सुधारणा’ एवढा शेरा आणि चार औषधांची नावे आहेत; त्यांतले एक नाव नेमके घडीवर आल्यामुळे पुसून गेले आहे.

मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जाऊन केसपेपरची प्रत मागितली. खिडकीवर सांगण्यात आले की मानसोपचाराची फाइल रुग्णाच्या हाती देत नाहीत, ज्यांनी सही करून दाखल केले त्यांना घेऊन या. ती सही माझ्या यजमानांची होती. आता आम्ही वेगळे राहतो. माझ्याच आजाराच्या कागदांसाठी त्यांच्या दारात जाणे मला शक्य नाही, आणि ती फाइल त्यांच्या हाती पडावी असेही मला वाटत नाही. सरकारी रुग्णालयात ‘जुने केसपेपर सापडत नाहीत’ असे तोंडी सांगून परत पाठवले.

मला विचारायचे आहे की अशी फाइल मागण्याचा मला स्वतःला हक्क आहे का, अर्ज कोणाच्या नावे आणि कोणत्या भाषेत करावा, आणि नकार मिळाला तर इथून कुठे दाद मागावी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही हे कागद लागतील असे एकाने सांगितले आहे. माहितगारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


टिळकवाडीचा वकील

ताई, तुम्हाला हक्क आहे, आणि तो तुमचा स्वतःचा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २५ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला आपली मूलभूत वैद्यकीय कागदपत्रे मिळवण्याचा अधिकार आहे. दाखल करताना सही कोणी केली, याचा या हक्काशी काहीही संबंध नाही. ती सही त्या वेळी, तुम्हाला निर्णय घेण्यासाठी आधाराची गरज होती म्हणून, तुमच्या वतीने झालेली होती. तुम्ही बऱ्या होऊन बाहेर पडल्यावर तिच्या जोरावर कोणी तुमच्या फाइलचा मालक होत नाही.

‘नातेवाइकाला घेऊन या’ या उत्तरामागे असा समज असतो की एकदा मनोविकाराचे निदान झाले की माणूस स्वतःचे बरेवाईट ठरवण्यास कायमचा अपात्र ठरतो. हाच समज या कायद्याने मोडीत काढला आहे. कलम ३ सांगते की केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्याशिवाय कोणीही विकल मनाची ठरत नाही; आणि कलम ४ प्रमाणे माहिती समजून घेऊन तिचे परिणाम ध्यानात घेणारी, आपला निर्णय सांगू शकणारी प्रत्येक व्यक्ती आपल्या उपचारांविषयी निर्णय घेण्यास समर्थ मानली जाते. जी बाई पतसंस्थेचा हिशेब सांभाळते तिला स्वतःचा केसपेपर वाचण्यासाठी दुसऱ्याची परवानगी लागावी, हे कायद्यालाही मान्य नाही आणि मला तर मुळीच नाही.

आता कामाचे. याच कायद्याखाली २०१८ साली रुग्णांच्या हक्कांविषयी केंद्राने नियम केले आहेत. त्यांत अर्जाचा नमुना-अ आहे. रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या किंवा प्रभारी मनोविकारतज्ज्ञांच्या नावे तो अर्ज द्यायचा, आणि अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत निदान, तपासण्या, मूल्यमापन व उपचार यांची माहिती देणारी कागदपत्रे नमुना-ब मध्ये तुम्हाला द्यायची, असे बंधन आहे. नमुना हाताशी नसला तर साध्या कागदावर लिहिलेला अर्जही घेतला जातो. रेकॉर्डच्या खिडकीवर बोलत बसू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच व शिक्का घ्या. कोणी पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढची सगळी दाद त्या शिक्क्यावर उभी राहते.

या जोडीला वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचरणाविषयीचे २००२ चे विनियम आहेत. ते सर्वच आजारांना लागू आहेत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, आणि आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावीत, असे त्यांत आहे. न दिल्यास ते डॉक्टरांचे गैरवर्तन ठरते. तुमची तीन वर्षे पुरी होत आली आहेत, म्हणून एक दिवसही थांबू नका. अर्जात ‘ही कागदपत्रे नष्ट करण्यात येऊ नयेत’ असे एक वाक्य जरूर घाला. मूळ फाइल रुग्णालयाकडेच राहील. तुम्हाला साक्षांकित प्रत मिळेल आणि झेरॉक्सचा वाजवी खर्च द्यावा लागेल.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवावा: ‘मी आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मानसोपचार विभागात दाखल होते. माझा आंतररुग्ण क्रमांक अमुक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २५ अन्वये माझे केसपेपर, औषधांचा तक्ता, परिचारिकांच्या नोंदी, रक्ततपासणीचे अहवाल व डिस्चार्ज सारांश यांच्या प्रती मला मिळाव्यात. यातील कोणताही भाग देता येत नसल्यास तो कोणता, आणि कोणत्या कारणाने, हे लेखी कळवावे.’ शेवटचे वाक्य गाळू नका, कारण खिडकीवरचा तोंडी नकार कुठेच सिद्ध करता येत नाही.

नकार आला किंवा १५ दिवस तसेच गेले, तर कायद्यात यासाठीच मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाच्या निवृत्त व्यक्ती त्याच्या अध्यक्षस्थानी असतात. मनोविकारतज्ज्ञाबरोबरच स्वतः आजार अनुभवलेल्या किंवा अशा रुग्णाची काळजी घेतलेल्या व्यक्तींनाही त्यात स्थान आहे. अर्जाला शुल्क नाही आणि सुनावणी बंद दाराआड होते. मंडळाच्या निर्णयावर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आपल्याकडचे अपील धारवाड खंडपीठापुढे जाईल. मंडळाकडे कसे पोहोचायचे हे बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथे वकीलही विनामूल्य मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, आणि या कायद्याचे कलम २७ हाच हक्क वेगळ्याने देते. रुग्णालय खासगी असल्याने कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालच्या जिल्हा प्राधिकरणाकडेही तक्रार करता येईल. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणजे तो अर्ज डीसी ऑफिसात जातो. पैसे भरून उपचार घेतले असल्यामुळे ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे, पण माझ्या मते आधी मंडळ, कारण तुम्हाला भरपाईपेक्षा कागद लवकर हवे आहेत.


एक मनोविकारतज्ज्ञ

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे. मी डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली अशी की या ताई जी माहिती मागत आहेत ती त्यांच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी लागते. लिथियमची उपचारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते, म्हणून रक्तातली पातळी वरचेवर तपासावी लागते आणि मूत्रपिंड व थायरॉइडवरही लक्ष ठेवावे लागते. ते औषध आधी का बंद केले हे कळल्याशिवाय पुन्हा सुरू करणे कोणत्याही डॉक्टरला अवघड वाटेल: कदाचित थायरॉइड बिघडला असेल, कदाचित पातळी वाढली असेल, किंवा केवळ गुण आला नसेल. तिन्हींचा पुढचा मार्ग वेगळा आहे. मान व जबडा आखडण्याचा प्रकार हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी होतो; औषधाचे नाव माहीत असले तर ते टाळता येते, नाहीतर तोच त्रास पुन्हा सोसावा लागू शकतो. म्हणून ताई, तुम्ही अर्जात औषधांचा तक्ता आणि परिचारिकांच्या नोंदी आवर्जून मागा. डिस्चार्ज सारांशात निष्कर्ष असतो. कोणत्या रात्री, किती वाजता, कोणते इंजेक्शन दिले आणि त्यानंतर काय झाले, हे परिचारिकांच्या हस्ताक्षरातच सापडते.

दुसरी गोष्ट माहिती राखून ठेवण्याविषयी आहे. कलम २५ प्रमाणे आम्हाला काही विशिष्ट माहिती रोखता येते, पण दोनच कारणांनी: ती उघड केल्याने रुग्णाला गंभीर मानसिक इजा होणार असेल, किंवा इतर कोणाला इजा होण्याची शक्यता असेल. प्रत्यक्षात हा प्रश्न बहुधा नातेवाइकांनी डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींबाबत येतो. घरातल्या एखाद्या व्यक्तीने भीत भीत काही सांगितलेले असते आणि ते रुग्णाला कळले तर त्या व्यक्तीला धोका होईल असे आम्हाला खरोखर वाटते. तेव्हा तेवढा भाग बाजूला ठेवायचा, बाकीची फाइल द्यायची, आणि काही रोखले आहे हे सांगून त्याविरुद्ध मंडळाकडे अर्ज करण्याचा हक्क आहे हेही रुग्णाला कळवायचे, असे कायदा सांगतो. डॉक्टरलाच निर्णय होत नसेल तर त्याने स्वतः मंडळाकडे जाऊन निर्देश मागावेत, अशीही सोय नियमांत आहे. सबंध फाइल कुलपात ठेवण्याला कोठेच आधार नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना मनापासून सांगावेसे वाटते की रुग्णाने केसपेपर वाचला तर तो बिघडेल ही भीती आपण फार काळ बाळगली आहे. पहिल्यांदा वाचताना त्रास होतो हे खरे आहे. ताई, तुम्हीही ती फाइल एकट्याने रात्री वाचू नका. बहिणीला शेजारी बसवा, किंवा नव्या डॉक्टरांच्या पुढ्यात उघडा. ‘आक्रमक’, ‘असंबद्ध बोलते’ असे शब्द स्वतःविषयी वाचायला मिळतील. ते त्या तासाचे निरीक्षण असते, तुमच्या स्वभावाचा दाखला नव्हे. एखादी नोंद चुकीची वाटली तर तसे लेखी कळवून ते पत्र फाइलला जोडण्याची विनंती करा.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात: मानसिक आजारातले दिव्यांगत्व ‘आयडियाज’ या मोजपट्टीने ठरवतात आणि तीत आजाराच्या कालावधीलाही गुण असतात. म्हणून सर्वांत जुना कागद, म्हणजे सरकारी रुग्णालयातला पहिला केसपेपर, तुमच्या खूप उपयोगी पडेल. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के प्रमाण लागते.


निपाणीकर

सरकारी रुग्णालयाच्या कागदांबद्दल लिहितो, कारण धाकट्या भावासाठी मी ते मिळवले आहेत. ‘सापडत नाहीत’ हे उत्तर तोंडी असते तोवरच टिकते. माहिती अधिकाराचा अर्ज गेला की कोणाला तरी त्यावर सही करून उत्तर द्यावे लागते, आणि शोधाशोध तिथून सुरू होते.

अर्ज रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे करावा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलचक कैफियत लिहिली तर त्याच कारणाने परत येतो. त्यामुळे आजाराची हकिकत लिहू नका. नाव, नोंदणी क्रमांक, महिने, आणि कोणते कागद हवेत, एवढेच पुरे. ओळखपत्राची प्रत जोडावी, म्हणजे माहिती स्वतःचीच मागितली आहे याबद्दल शंका राहत नाही. केसपेपरवरचा क्रमांक हरवला असेल तर औषधाच्या चिठ्ठीवर किंवा रक्ततपासणीच्या पावतीवर पाहा, बहुधा तोच असतो.

भाषेचे असे आहे की माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे आपल्याकडे कन्नड. इथे मराठीचा आग्रह धरून वेळ घालवू नये असे मला वाटते. साधी तक्रार किंवा गाऱ्हाणे मात्र वेगळे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. डीसी ऑफिसात मी मराठीत निवेदन दिले आहे आणि खाली इंग्रजी मजकूर जोडला आहे, म्हणजे टेबलावर पडून राहायला सबब उरत नाही.


टिळकवाडीचा वकील

निपाणीकरांना एक जोड देतो. काही माहिती अधिकारी ‘डॉक्टर आणि रुग्ण यांचे नाते विश्वासाचे आहे, म्हणून माहिती देता येत नाही’ असे लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे की ज्याच्या हितासाठी ती माहिती विश्वासाने सांभाळली जाते, त्याच्याचपासून ती या कारणाने लपवता येत नाही. केंद्रीय माहिती आयोगानेही २०१४ मध्ये दिल्लीच्या इहबास या मनोविकार संस्थेसंबंधीच्या प्रकरणात रुग्णाचा स्वतःच्या वैद्यकीय नोंदींवरचा हक्क मान्य केला. माहिती नाकारली गेली तर त्याविरुद्धच्या पहिल्या अपिलात ही दोन्ही लिहावीत.

भाषेबद्दल आणखी एक. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आजाराचे स्वरूप, सुचवलेले उपचार आणि औषधांचे दुष्परिणाम ही माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. केसपेपर इंग्रजीतच असतील, ते मराठीत मागता येणार नाहीत. पण ‘मला यातले समजावून सांगा’ असे डॉक्टरांना म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आपल्या भागात कन्नड न येणारी आणि इंग्रजी न वाचणारी वडीलधारी मंडळी संमतिपत्रांवर न वाचता सह्या करतात, त्यांच्या घरच्यांनी हे कलम लक्षात ठेवावे.


मलप्रभाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. बहिणीने आज इंग्रजी अर्ज तयार केला, उद्या आवक विभागात देते. एक शंका राहिली आहे. आमचे घटस्फोटाचे प्रकरण पुढेमागे न्यायालयात जाईल असे दिसते. यजमानांनी ‘मीच दाखल केले होते’ असे सांगून माझी फाइल मागितली तर रुग्णालय त्यांना देईल का? मला अडवले आणि त्यांना दिले, असे होऊ नये.


टिळकवाडीचा वकील

ताई, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कलम २३ प्रमाणे तुमचा आजार, उपचार व आरोग्यसेवा यांविषयी गोपनीयता राखण्याचे बंधन रुग्णालयावर आहे. त्याला अपवाद मोजके आहेत: नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांविषयीच्या निर्णयांत रुग्णाला आधार देण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला) त्याचे कर्तव्य पार पाडण्यासाठी लागणारी माहिती, उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना लागणारी माहिती, कोणाच्या जिवाला धोका किंवा इतरांना इजा टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न, आणि मंडळ, मानसिक आरोग्य प्राधिकरण, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय अथवा तसा अधिकार असलेली वैधानिक संस्था यांचा आदेश. वैवाहिक वादासाठी पतीने मागितलेली फाइल यांत बसत नाही. अशा आदेशाशिवाय ती देता येणार नाही.

तरीही एक दार उघडे आहे, ते आधी बंद करा. दाखल करताना यजमानांची नोंद तुमचे नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून झालेली असण्याची शक्यता आहे. कलम १४ प्रमाणे ही नेमणूक केव्हाही बदलता येते, आणि नवी नेमणूक साध्या कागदावर सही करून करता येते. बहिणीची तयारी असेल तर तिच्या नावाने तसे पत्र करा, ‘याआधीची कोणतीही नेमणूक मी रद्द करत आहे आणि माझ्या लेखी संमतीशिवाय माझी कागदपत्रे इतर कोणालाही देऊ नयेत’ असे त्यात लिहा, बहिणीचीही सही घ्या, आणि उद्याच्या अर्जासोबत ते देऊन त्यावर वेगळी पोच घ्या. एक प्रत कोल्हापूरच्या डॉक्टरांकडेही ठेवा. हा केंद्राचा कायदा असल्यामुळे ते पत्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालते. पुढे तिथल्या रुग्णालयाविषयी काही तक्रार उद्भवली तर मात्र महाराष्ट्रातल्या मंडळाकडे जावे लागेल.

पंधराव्या दिवशी उत्तर आले नाही तर इथे लिहा. मंडळाच्या अर्जाचा मसुदा मी करून देईन.